काकूवर खूण

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

वणी,
१२ जुलै १९९८

चि. शुभांगीस काकूचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. इकडे सगळे खुशाल. (वन्सं, पाकीट नेहमीप्रमाणे तुम्हीच आधी उघडलं असेल, तर तुम्हालाही नमस्कार. तुमच्याबद्दलचं खाली आहे, तिथपर्यंत वाचा.)

तू उतरवून पाठवलेले प्रश्न मी चुलीपुढे बसून वाचले आणि भाकरी करपली. कांदा, बटाटा, लसूण, कोथिंबीर, यांतला गटात न बसणारा शब्द ओळखा. उत्तर कोथिंबीर, कारण बाकीचे जमिनीखाली वाढतात. अगं, एवढं कळायला नाशिकला जाऊन क्लास लावावा लागतो? आपली पाडी दावं तोडून वाफ्यात शिरली की बरोबर कोथिंबिरीलाच तोंड घालते. तिला अजून कुणी कनिष्ठ लिपिक केलेलं नाही.

तुझ्या सरांचं आडनाव पगार, हे वाचून बरं वाटलं. निदान क्लासमध्ये एक तरी पगार आहे. पगार म्हणजे आमच्या कळवणकडचेच. त्यांना विचार, की एवढे प्रश्न तोंडपाठ आहेत तर स्वतः का नाही लागले कुठे.

हसून झालं, आता कामाचं. तुझे दादा काल पुन्हा ओट्यावर बसून सांगत होते. मार्चपर्यंत नोकरीचा कागद आला तर ठीक, नाहीतर येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, आत्याच्या शेखरशी तुझं लग्न. पोरीनं लय शिकून काय करायचं हाय, घरातल्या घरात उरकलं म्हंजी मिटलं, असं त्यांचं म्हणणं. मी मध्ये बोलले, तर म्हणाले की तू चुलती, यात रक्ताच्या माणसांनीच बोलावं. तुझी आई गेली तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. तुला गोवर आला, कांजिण्या आल्या, तेव्हा हे रक्त कुठे गेलं होतं ते मी विचारलं नाही. तुझे वडील असले तरी माझे थोरले दीर आहेत, आणि तव्यावर भाकरी होती.

वन्सं, तुमच्याबद्दलचं एवढंच. आता पाकीट चिकटवून पोरीला द्या.

अभ्यास कर. लोभ आहेच, तो त्या गाईडवरही ठेव.

तुझी
काकू

०

सिडको, नाशिक
३ ऑगस्ट १९९८

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

यापुढे पत्र क्लासच्या पत्त्यावर टाक. तुझं पत्र वाचल्यापासून आत्याने घरात कोथिंबीर आणलेली नाही. पाकीट वाऱ्याने उघडलं, असं तिचं म्हणणं आहे.

पगार सर शिकवतात असं म्हणवत नाही. फळ्यावर चार शब्द लिहितात, डोळे मिटतात आणि सांगतात, की विचार करू नका. विचार करणारा नापास होतो. पेपर काढणाऱ्याच्या मनात काय आहे तेवढं ओळखा. परवा त्यांनी नद्या घातल्या: गोदावरी, दारणा, कादवा, गिरणा. मी हात वर करून म्हटलं, की गोदावरी वेगळी, कारण ती समुद्राला मिळते आणि बाकीच्या नद्यांना. सर म्हणाले, की तू जन्मात लिपिक होणार नाहीस. उत्तर गिरणा. दारणा आणि कादवा गोदावरीच्या घरच्या, गिरणा मात्र तापीला जाते. तुझ्या माहेरची नदी तेवढी बाहेर काढली, म्हणून मुद्दाम कळवते.

आत्या शेजारणींना सांगते, की आमची सून अजून क्लासला जाते. मी समोर असले तरी सांगते. शेखर तसा वाईट नाही गं. अंबडहून कामावरून येतो, भांग पाडतो, टीव्हीपुढे बसतो आणि मला विचारतो, की एवढं डोकं फोडून शेवटी लिपिकच ना? मी काही बोलले की त्याचं लक्ष जाहिरातीकडे. याच्यासमोर जन्मभर बसायचं? मला हे लग्न नको आहे. दादांना सांगायला गेले तर ते आत्याकडे बघतात. लोक काकाला हाक मारतात वाचवायला, माझ्या नशिबी काकूच आहे.

दिवाळीला येते. तुझ्या मायेचा हात असाच डोक्यावर असू दे.

तुझी
शुभांगी

०

॥ श्री ॥

सिडको, नाशिक
१६ सप्टेंबर १९९८

गं. भा. चतुराबाईस गोजराबाईचे आशीर्वाद.

पत्रास कारण की, नवरात्रात आम्ही गडावर दर्शनाला येतो आहोत. तुमच्याकडेच उतरू. आमच्या भावाशी, गोटीरामाशी, साड्यांचं आणि मानपानाचं बोलून घेईन.

शुभांगी अभ्यास करते. चार शब्द पाहते, एकावर खूण करते आणि तासभर विचार करते. अशाने पोरीचं डोकं फिरतं. तुझी पत्रं वाचून तर ती उगाच हसत सुटते. (आम्ही काही मुद्दाम वाचत नाही, समोर पडलेली असतात.) तू तिला वाढवलंस, त्याचे उपकार आहेतच, कुणी नाही म्हणत नाही. पण पोटचं ते पोटचं आणि रक्ताचं ते रक्ताचं. लग्नाच्या गोष्टीत तू मन घालू नकोस, तुला त्रास होईल. तुझी तब्येतही आता पहिल्यासारखी नाही, असं गोटीराम म्हणत होता.

येताना तुझ्यासाठी एक लुगडं आणते. रंग फिका आहे, तुला चालेल.

माया पातळ करू नये.

गोजराबाई

०

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

वणी,
५ नोव्हेंबर १९९८

चि. शुभांगीस आशीर्वाद. वि. वि.

दिवाळीला आलीस आणि गाईड देवळीत विसरून गेलीस. उद्या नाशिकच्या गाडीला देते. मधल्या दिवसांत मी ते वाचलं. वन्संनी लुगडं आणलं तेव्हाही मला इतका राग आला नव्हता. त्या दर पत्रात माझ्या नावामागे गं. भा. लावतात. नवरा जाऊन किती वर्षं झाली, तरी मी विसरेन असं त्यांना वाटत असावं.

तर गाईड. आई, मावशी, आत्या, काकू. गटात न बसणारा शब्द ओळखा. पाठीमागे उत्तर छापलं आहे: काकू, रक्ताचं नातं नाही म्हणून. पेपर काढणारा हा कोण शहाणा आहे, त्याला एकदा पाहायचं आहे मला. याची मुंज कुणी केली, की गाईडातूनच जन्मला?

मी चुलीपुढे बसून तो प्रश्न सोडवला. माझं उत्तर आत्या. आई कधी लेकीची सासू होत नाही. मावशी होत नाही, काकू होत नाही. चौघींत एकटी आत्याच भाचीची सासू होऊ शकते. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं म्हणतात, पण सासू व्हायला मिशा लागत नाहीत, हे तू तिथे रोज पाहतेसच. आत्या नको असेल तर मावशी घ्या. माय मरो आणि मावशी उरो म्हणे. तुझी मावशी उरली, पण मनमाडला. तेराव्याला आली, तुला पोटाशी धरून रडली, आणि निघताना तुला खाली ठेवायला मात्र विसरली नाही. त्यानंतर तिचं कार्डसुद्धा नाही.

पण गाईडात तुझी पेन्सिल काकूवर आहे. साधी नाही, दोनदा गिरवलेली. मला वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, पदराने डोळे पुसले. तुझ्या दादांचं बोलणं मी कानाआड करते, वन्संचं लुगडं गाठोड्यात टाकते. तुझी खूण कुठे टाकू?

मग राग निवळला आणि अक्कल आली. म्हणून आता नीट वाच. परीक्षेत हा प्रश्न आला तर माझं शहाणपण तिथे चालवू नकोस. डोळे मिटून काकूवर खूण कर. तू तिथे माया दाखवायला जात नाहीस, आखाजी चुकवायला जातेस. आत्यावर खूण केलीस आणि एका गुणाने राहिलीस, तर तीच आत्या तुझी ओटी भरायला उभी राहील, आणि मी फिक्या लुगड्यात मागे उभी असेन. माझ्यावरून नापास झालीस तर मी तुला घरात घेणार नाही.

थंडी पडली आहे. कानाला रुमाल बांधत जा. राग गेला, लोभ होता तिथेच आहे.

काकू

०

नाशिक,
१८ जानेवारी १९९९

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

काल परीक्षा झाली. तुझ्या पत्राला आजवर उत्तर दिलं नाही, कारण काय लिहावं ते कळत नव्हतं. ती खूण दोनदा का गिरवली होती, ते आता सांगते. पहिल्यांदा केली आणि मलाच कसंतरी झालं, म्हणून पुसून टाकली. पगार सरांनी वही तपासावी तसं गाईड तपासलं आणि म्हणाले, की उत्तर येत असून कोरं सोडणारी पोरगी त्यांनी आजवर पाहिली नाही. पुन्हा करायला लावली. रागाने केली, म्हणून ती इतकी ठळक दिसते.

काल तोच प्रश्न आला. शब्दसुद्धा बदलले नव्हते. चौघी एका ओळीत उभ्या होत्या आणि तू शेवटी. माझं पेन तिथे थांबलं. शेजारचा मुलगा भराभर पुढे गेला, त्याला काकू नसावी. मला तुझी चूल दिसली, करपलेली भाकरी दिसली, आणि दादांचं ते रक्ताचं बोलणं आठवलं. शेवटी एकीवर खूण केली आणि पान उलटलं.

कुणावर केली ते आत्ता विचारू नकोस. निकाल लागू दे. इकडे आत्याने मुंडावळ्या आणून ठेवल्या आहेत, कपाटात, माझ्या पुस्तकांच्या वर. अभ्यासाचं पुस्तक काढलं की त्या खाली पडतात.

रागावली असलीस तरी आठवण काढत राहा.

शुभांगी

०

नाशिक,
१४ मार्च १९९९

ती. काकूस शि. सा. न. वि. वि.

पास झाले! यादी लागली आणि माझं नाव तिच्यात आहे. अगदी शेवटचं आहे. माझ्यामागची जी राहिली ती एका गुणाने राहिली. तिथेच फळ्यासमोर उभी राहून रडत होती.

मी तुझ्यावर खूण केली, काकू. तू सांगितलं होतंस तशीच. तो गुण नसता तर फळ्यासमोर मी रडत असते. लग्न मोडलं, नोकरी लागली, आणि तरी घरी येऊन मी रडलेच. तू आमची कुणी नाहीस, असं सरकारला लिहून देऊन मी पास झाले. बाकीची सगळी उत्तरं विसरले, हे एक जात नाही.

आत्याने पेढा खाल्ला आणि म्हणाली, की खवा जुना आहे. मुंडावळ्या कपाटातून गेल्या. शेखरला पिंपळगावची एक मुलगी सांगून आली आहे आणि तो खूश आहे. तिला शिकायचं नाही असं त्याने मला मुद्दाम सांगितलं. पगार सर वर्गात म्हणाले, की पाहा, विचार सोडला तशी पास झाली.

दादांना वेगळं पत्र टाकलं आहे. तू मात्र मला काहीतरी बोल. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझीच
शुभांगी

०

॥ श्री सप्तशृंगी प्रसन्न ॥

वणी,
२१ मार्च १९९९

चि. शुभांगीस काकूचे अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

रडूबाई, सरकारी कचेरीत अशी रडत बसलीस तर फायली भिजतील. परकी म्हणून का होईना, तुझ्या कामी आले ना? रक्ताच्या तिघींनी मिळून किती गुण दिले, ते त्या पगाराला विचार.

आता इकडची मजा ऐक. तुझं पत्र आल्यापासून तुझे दादा पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत फिरताहेत. ज्याला त्याला सांगतात, की हुशारी आमच्या रक्तातच हाय. बहिणीला दिलेला शब्द गेला त्याचं दुःख पेढ्याबरोबर गिळून टाकलं. संध्याकाळी ओट्यावर टेकले, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, एवढी हुशारी रक्तात आहे तर पोरीच्या पेपरातला एक प्रश्न सोडवा. आई, मावशी, आत्या, काकू. यांत न बसणारी कोण?

गाईडाची गोष्ट मी सांगितली नव्हती. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बराच वेळ विचार केला. मला वाटलं, आता पुन्हा ते रक्ताचं बोलणार. आणि म्हणाले काय, तर मावशी. ती कुठं कधी आपल्यात व्हती, बाकीच्या समद्या घरच्याच.

मी सांगितलं, की चुकलं, उत्तर काकू आहे. तर पेपर काढणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरत उठले. म्हणाले, त्या येड्याला घर नाय का दार नाय.

मी त्यांना सांगून टाकलं, की तुम्ही नापास. मग मी आत गेले आणि त्यांच्या चहात साखर जरा जास्तच टाकली.

पहिल्या सुट्टीला ये. लोभ वाढला तर वाढू दे, त्याला उत्तरपत्रिका लागत नाही.

तुझी, गटात न बसणारी,
काकू