प्रेक्षकांतून गायल्याचा खुलासा व छोट्या वृंदातील जागेची मागणी

प्रति,
माननीय सचिव,
सामुदायिक गायनवृंद,
सार्वजनिक वाचनालय, वरचा मजला.

विषय : छोट्या वृंदाच्या कार्यक्रमात प्रेक्षकांत बसून गायल्याबद्दल खुलासा, तसेच सदर वृंदात जागा मिळण्याबाबत.

संदर्भ : आपली लेखी ताकीद, जी मला माझ्या इस्त्रीच्या दुकानात गिऱ्हाइकांदेखत देण्यात आली.

महोदय,

१. मी आपल्या मोठ्या वृंदात खालच्या पट्टीच्या स्त्रियांमध्ये, मागच्या रांगेत, खांबालगत उभी राहते. माझ्या शेजारची जागा माझ्या धाकट्या जाऊबाईंची. त्यांना वृंदात मीच आणले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या भांडी विसळतानासुद्धा कोणी ऐकेल म्हणून पुटपुटल्यासारख्या गात. त्यांना हाताला धरून आपला जिना मी चढवला. हल्ली हे कोणाच्या लक्षात नसल्याने नमूद करते.

२. लांब सूर असेल तेव्हा शेजारणींनी एकदम श्वास घ्यायचा नाही, एकीने घ्यावा व दुसरीने सूर धरून ठेवावा, म्हणजे ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही, ही आपलीच शिकवण आहे. आम्हा दोघींची यासाठी कोपराची खूण आहे. कोपर लागले की समजायचे, आता आपण धरायचे.

३. छोट्या वृंदाच्या निवडीच्या दिवशी परीक्षक पाठमोरे बसले होते व आम्हांला नेहमीच्या जोडीने उभे करून एकेकीला गायला सांगितले होते. जाऊबाईंची पाळी आली. लांब सुराला त्यांचे कोपर मला लागले आणि सवयीने मी सूर धरला, तोही त्यांच्या आवाजात मिसळून. पाठमोऱ्या परीक्षकांना काय कळणार? माझ्या पाळीला मीही कोपर लावले. परंतु ही परीक्षा आहे, हे जाऊबाईंना ऐन वेळी आठवले व त्या गप्प राहिल्या. निकालात त्यांच्यापुढे ‘दमसास असामान्य’ आणि माझ्यापुढे ‘सूर मध्येच तुटतो’ असा शेरा आला. सबब, त्या असामान्य दमसासातला निम्मा माझा आहे.

४. माझा जळफळाट झाला. अर्जात असे लिहीत नाहीत, असे धाकट्या भावोजींचे म्हणणे आहे, पण ज्याचे पोट दुखते त्यालाच कळते. छोटा वृंद गालिचा असलेल्या खोलीत सराव करतो, आम्ही घडीच्या खुर्च्या स्वतः मांडतो. त्यांना काळ्या फायली मिळाल्या, आम्हांला सुट्या झेरॉक्स. जाऊबाई पूर्वी ‘आपल्यात असं करतात’ म्हणायच्या, आता ‘आमच्यात असं करतात’ म्हणतात. परवा वरणाला फोडणी देताना मी गुणगुणत होते, तर त्यांनी माझा गाण्यातला ‘आ’कार सुधारला. माझ्याच स्वयंपाकघरात! म्हणून मी सुचवले होते की जागा आठवड्याआड वाटून घ्यावी, किंवा निदान ती काळी फाइल एक आठवडा माझ्या कपाटात असावी. दोन्ही सूचना हसण्यावारी नेण्यात आल्या.

५. कार्यक्रमाला मी सूर तुटावा याच इच्छेने गेले, खोटे लिहिणार नाही. मुद्दाम तिसऱ्या रांगेत बसले. छोट्या वृंदात खालच्या पट्टीला जाऊबाई एकट्याच, त्यामुळे आळीपाळीने श्वास घ्यायला शेजारी कोणी नाही. लांब सूर आला. त्यांचा चेहरा लाल झाला. आणि त्यांचे डावे कोपर बाहेर सरकले व नुसतेच हवेला लागले. पुढचे मला ठाऊक नाही. माझ्या पुढचे चष्म्याचे दुकानदार दचकून मागे वळले तेव्हा मला कळले की मी गाते आहे. यात माया वगैरे काही नव्हती, कोपर दिसले इतकेच. सूर तुटला नाही, हेही आपल्या ताकिदीत लिहायला हवे होते.

६. त्यानंतर जाऊबाईंनी छोट्या वृंदाचा राजीनामा लिहून माझ्या हाती दिला. म्हणाल्या, “ताई, नेऊन द्या. जागा तुमचीच होती.” रिकामी झालेली जागा प्रतीक्षायादीतील पहिल्या व्यक्तीला मिळते व ती व्यक्ती मीच आहे. राजीनामा मी आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. चुरगळला म्हणून दुकानात त्यावर हलकी इस्त्रीही फिरवली. आपल्या जिन्यापर्यंत दोनदा आले. त्या आठवड्यात मोठ्या वृंदाच्या सरावालाही त्या आल्या नाहीत, आणि मागच्या रांगेत खांबालगत माझे कोपर सरावभर रिकामेच होते.

७. तरी विनंती की, ताकीद मागे घ्यावी. छोट्या वृंदातील जागेवरचा माझा हक्क मी सोडलेला नाही, मला ती हवीच आहे. मात्र धाकटीची नको, तिच्या शेजारची हवी. खालच्या पट्टीला दोघी ठेवाव्यात. नियमात बसत नसल्यास तिसऱ्या रांगेतील तीच खुर्ची दर कार्यक्रमाला माझ्यासाठी राखावी. तिथून तिचे कोपर दिसते.

आपली नम्र, पण रागावलेली,
(सही)
मागची रांग, खांबालगत

दिनांक : सरावाचा सोमवार

सोबत : धाकट्या जाऊबाईंचा राजीनामा, इस्त्री केलेला, चार तुकडे. मी फाडला आहे. दाखल करून घेऊ नये.