कॅलरी या शब्दाचा अर्थ, आईच्या नावे

मी, लांब पल्ल्याची धावपटू, घरात शाळेची पायरी चढलेली पहिली, हे मृत्युपत्र स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहिते. धावले त्या मानाने वर्षानुवर्षे फार कमी खाल्ले, त्यामुळे हृदय दुबळे झाले आहे. उद्या शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, "काळजी करू नकोस." ते मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

पदके बाबांना. त्यांनी ती दाराला लटकवू नयेत. दार उघडले की वाजतात, आईची झोप मोडते.

वजनकाटा प्रशिक्षकांना परत करावा. भेट त्यांचीच. "हलकी हो, पंख फुटतील," असे ते म्हणत. पंख फुटले नाहीत, केस गळले. पाळी थांबली तेव्हा म्हणाले, "आता खरी खेळाडू झालीस." हे मी माफ केलेले नाही, याची नोंद असावी.

बूट धाकटीला. तीही धावते. लाडाने आम्ही तिला 'खादाड' म्हणतो. हल्ली ती या नावाला जागत नाही. परवा ताट सरकवून म्हणाली, "ताई, तू तरी कुठे खायचीस?" म्हणून अट: एवढे धावणाऱ्या मुलीला दोन माणसांचे जेवण लागते, असे डॉक्टरीणबाई सांगतात. ती तेवढे जेवू लागेपर्यंत बूट कुलपात राहावेत. किल्ली आईकडे. रडली तरी देऊ नये.

आईला एक शब्द. "यात कॅलरी फार आहे गं," असे मी घासागणिक म्हणे. घरातली शिकलेली मी, माझा शब्द कोण मोडणार? कॅलरी म्हणजे अन्नाला लागलेली काहीतरी घाण, असे आईला वाटले. भाजीवरचे तेल ती चमच्याने काढून टाकी आणि म्हणे, "खा माझे बाई, गेली कॅलरी." आई, कॅलरी म्हणजे अन्नातली ताकद.

एवढे वाचून दाखवल्यावर आईने विचारले, "म्हणजे मी तुझी ताकदच काढून टाकत होते का गं?" उत्तर सहीपूर्वी इथे लिहिते, आणि ते सर्वांवर बंधनकारक आहे: नाही, आई. तू मला जेवू घालत होतीस.

आईला वाटा मिळत असल्याने तिला साक्षीदार केलेले नाही. ती खाटेशी डबा उघडून धाकटीला वाढते आहे. वरचे तेल तसेच आहे.

सही: थोरली
आमच्यासमक्ष सही झाली: वॉर्डातील परिचारिका, शेजारच्या खाटेवरील आजींची मुलगी (शिंपीण)
ठिकाण: रुग्णालय, खिडकीजवळची खाट
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारच्या जेवणाची वेळ