बोटीवर सांगितलेले गोत्र

नाशिक, मार्गशीर्ष शु. ५, शके १८५७

संपादकांचे पत्र. एका बोट-कंपनीने मुंबई ते पणजी आणि परत अशी हवा खाण्याची सहल काढली आहे. वर्णन लिहा, पास तीन. घरात माणसेही तीनच. मी, वहिनी (दादा गेल्यापासून हे घर त्याच चालवतात) आणि त्यांची कुसुम. वहिनी नाही म्हणणार, हे धरूनच विचारले.

"जाऊ या की."

चातुर्मासात समुद्र ओलांडणाऱ्याचे प्रायश्चित्त माझ्याकडून दोनदा वदवून घेतलेली ही बाई! म्हटले, "आणि धर्मशास्त्र?"

"तुम्ही आहात ना बरोबर."

काहीतरी शिजते आहे.

शु. ७, रेल्वेत

कुसुमसाठी नवे अंजिरी पातळ घेतले आहे. मला आज कळले. "बोटीवर माशांना दाखवायचंय का?" दोघी खिडकीबाहेर बघू लागल्या. कुसुम एरवी अशा वेळी उलट टोला देते. डब्यात चिवडा, लाडू, आवळासुपारी. तीन माणसांना पुरून पलटण जेवेल इतके.

शु. ८, बोटीवर. सकाळ

किनारा सुटला. बँड वाजतो आहे. ऊन मऊ, समुद्र सभ्य. बातमीसाठी लिहून ठेवले: 'जलधीचे गांभीर्य'. खोडले. तो अजून तरी गंभीर दिसत नाही.

तपकिरी लांब कोटातला एक गृहस्थ आमच्या बाकाभोवती तीनदा फिरला. नाव कळेपर्यंत त.को. लिहितो. बरोबर चष्मेवाला तरुण, बहुधा मदतनीस. त.को. माझ्याकडे बघतो आणि नजर चोरतो. एका बातमीवरून उन्हाळ्यात फौजदार कचेरीची बोलावणी आली होती, तेव्हापासून अशा नजरा ओळखता येतात. पण पाण्यावरसुद्धा? सरकारचे प्रेम अथांग.

तीच, दुपार

लाटा वाढल्या. चष्मेवाल्याला बोट लागली. कठड्याला धरून बिचारा रिकामा होत होता. हेरखात्यात पोटे तपासून भरती करत नसावेत. कुसुमने जाऊन आवळासुपारी दिली. मी खुणेने नको म्हटले, तिने बघितलेच नाही.

त.को. येऊन शेजारी बसला. मनमाडचा, नाव कुलकर्णी. मनमाड! रोज शंभर गाड्यांची माणसे जिथे मोजता येतात, तिथलाच असणार.

"मूळ गाव कोणतं आपलं?"

"पेठच्या बाजूला." (खोटे. निफाड.)

"घरात कर्ते आपणच?"

"कर्तरि प्रयोगात मी. कर्मणि प्रयोगात वहिनी."

हसला नाही. "घराण्यात काही आजार?"

"लेखन."

"बरं, गोत्र?"

पोलीस इतके खोलात जाऊ लागले! माझ्या ऋषींवरही वॉरंट काढणार की काय? पण सावध होतो. म्हणालो, "काश्यप." ज्याला स्वतःचे गोत्र ठाऊक नाही त्याने काश्यप सांगावे, अशी आपली रीत. लपणाऱ्याला याहून सोयीचा आडोसा शास्त्रात नाही. आमचे अत्रि.

त.को.चा चेहरा पडला. "असं होय," म्हणून उठला. शत्रूला नामोहरम केल्याच्या आनंदात दोन लाडू खाल्ले.

तीच, संध्याकाळ

लाडू पचले नाहीत, पण दोष समुद्राचा नाही.

वहिनी आल्या, चेहरा पांढराफटक. "भाऊजी, कुलकर्ण्यांना गोत्र काय सांगितलंत?"

"काश्यप. का?"

मग सगळे सांगितले. ते लोक काश्यप. सगोत्र निघाले म्हणून मुलाच्या बापाने आत्ताच हात जोडले. 'मदतनीस' म्हणजे मुलगा. सहज गाठ पडावी तशी मुलगी बघायची, हे महिन्यापूर्वीच ठरले होते. पास आले तेव्हा वहिनींनी त्यांनाही हीच बोट कळवली.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय झालं असतं? सिन्नरहून कुसुमला बघायला आलेल्या मुलाला 'देव' शब्द चालवायला कोणी लावलं होतं?"

मी.

टोपी नीट करून कुलकर्ण्यांकडे गेलो. "रावसाहेब, आमचं गोत्र अत्रि."

"दुपारी काश्यप होतं."

"दुपारी मी आपल्याला पोलिसांचा माणूस समजलो होतो."

गृहस्थ बाकावर हातभर मागे सरकले. "म्हणजे तुमच्या मागे पोलीस आहेत?"

यापेक्षा काश्यप बरा होता.

"मुलगा रेल्वेत लागायचाय हो माझा," खालच्या आवाजात म्हणाले. "आणि अत्रि तरी खरं कशावरून? गोत्र वेगळं निघेलही शास्त्रीबुवा, पण माणसाच्या बोलण्याचा मेळ कसा घालायचा?"

 तेवढ्यात पाण्यातून मासे उसळले, सगळे कठड्याकडे धावले. आम्ही दोघेच बसून. आता ते माझ्याकडे संशयाने बघत होते आणि त्यांना हक्क होता.

शु. १०, परतीची बोट

पणजीत वहिनी मला न घेताच देवळात गेल्या. कुलकर्णी पिता-पुत्र पलीकडच्या टोकाला. मुलगा दोनदा या बाजूला निघाला, बापाने दोनदा बोलावून घेतला.

कुसुम जवळ येऊन बसली. थट्टेने म्हटले, "सुटलीस. जन्मभर आवळासुपारी पुरवावी लागली असती."

हसली नाही. "ओकून झाल्यावर 'माफ करा' म्हणाले ते. सिन्नरचा तो मुलगा चहा सांडूनसुद्धा म्हणाला नव्हता." मग, "काका, मला हे स्थळ हवं होतं."

लिहिण्यासारखे आणखी काही नाही.

नाशिक, शु. १४

मजकूर पाठवला. 'सहल एकंदरीत सुखद.' असे आपण लिहितो आणि लोक विश्वास ठेवतात.

मनमाडला परवाच पत्र टाकले, खरे गाव, खरे गोत्र. वहिनी म्हणाल्या, "तुमच्या हातच्या पत्रावर कोण विश्वास ठेवणार?"

आज दुपारी शेजारचे शिंपी अब्दुलचाचा वर आले. "शास्त्रीजी, माझ्या दुकानात एक पाहुणा बसलाय. तुमची पूछताछ करतो. माणसं कशी, मूळचे कुठले, पोलीस येतात का."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, माणूस सोन्याचा, जबान तेवढी तिरपी."

वहिनी म्हणतात, कुलकर्ण्यांनीच पाठवला आहे. आधण ठेवलेही. मला वाटते, सरकारी. खिडकीतून पाठ तेवढी दिसते, पाठीवरून दोन्ही वाटतो.

सरकारी असेल, तर निफाडपासून अत्रीपर्यंत सगळे खरे आपल्या हाताने त्याच्या पदरात घालायचे. मनमाडचा असेल, तर तो ते खरे मानेलच असे नाही.

कुसुम जिन्यात उभी आहे.

"काका, कोणी का असेना. खरं सांगा."

जातो.