पुरायचं मटण

७ ऑगस्ट
पोचलो बाबा एकदाचे! उतारावर तंबाखूची शेतं, गार हवा, कौलारू खोली, मागे शेळ्यांचा गोठा. लस्मिनीनं आल्या आल्या चूल पेटवून सोयाबीनचं टेम्पे तळलं आणि गुणगुणायलासुद्धा लागली. तिला पाचवा महिना. शहरात मी कामाला होतो त्या खाटीकखान्याच्या वासानं बिचारीला सारख्या ओकाऱ्या व्हायच्या, म्हणून तर ही नोकरी धरली. मालक जुरैमी नावाचा म्हातारा. सगळे त्याला ‘म्बाह’ म्हणतात, म्हणजे आजोबा. हा म्हणे कुराणातल्या आयती पढून माणसाचा रोग बोकडात उतरवतो. बोकड कापायचा मी. म्हातारा हे सांगत असताना मला खोकल्याचं नाटक करून तोंड झाकावं लागलं.

९ ऑगस्ट
पहिलं गिऱ्हाईक दर्मोजो गुरुजी, दम्याचे. चटईवर पालथे झोपवले. मी बोकड धरला, म्बाहनं तो त्यांच्या पाठीवरून घासत आयती म्हटल्या. मग बोकड चटईवर निजवला आणि मला डोळ्यानं खुणावलं. बोकड उठून उभा राहिला, तर रोग परत रोग्याकडे जातो, म्हणून निजल्या निजल्याच कापायचा. पोट फाडलं. फोपशावर पांढरे डाग! लोक ‘सुभानल्लाह’ म्हणत रडले. अरे, जन्मभर पोरांना गणित शिकवलंत ना गुरुजी? बाजारातल्या निम्म्या बोकडांचं फोपसं असंच असतं! आमच्या मशिदीतले इमामकाका असल्या प्रकाराला धर्म नव्हे, धंदा म्हणतात.

नंतर म्हाताऱ्यानं बजावलं की मटण सगळं पुरायचं, कुत्र्यालाही घालायचं नाही. मी मान डोलावली. मुंडी आणि कातडी पुरली, बाकीचं घरी आणलं. पोटुशी बायको टेम्पे खाणार आणि कोवळं मटण किडे खाणार? लस्मिनीनं नारळाच्या दुधात मस्त रस्सा केला; फोपसं तिला नको होतं, ते मीच संपवलं. म्बाहनंच दिलंय, असं तिला सांगितलं.

१८ ऑगस्ट
आज तंबाखूच्या व्यापाऱ्याची बायको, मुतखड्याची. मी मुद्दाम स्वतः पारखून, ठणठणीत बोकड आणला होता. म्हटलं, बघू तुझी करामत. गुर्द्यात हरभऱ्याएवढा खडा निघाला. निघेना का! बोकडाला मुतखडा होत नाही की काय? ती बया मात्र तिथल्या तिथे नाचली. लस्मिनीला गुर्दा फार आवडतो. काठीला लावून भाजून दिले, दोन्ही तिनंच खाल्ले.

२७ ऑगस्ट
मला खोकला. तंबाखूची धूळ, दुसरं काय. दर्मोजो गुरुजी चढावर सायकल हाणत गेले, वर घंटी वाजवून हसले. मी कुंपणाला धरून श्वास शोधत होतो.

मासे विकणारी बाई आली होती, डावा हात लुळा. जाताना दोन्ही हातांनी नमस्कार केला. नाटकी मेली. मटण छान होतं, पुढचा डावा पाय लस्मिनीला दिला.

२ सप्टेंबर
लस्मिनीच्या कुशीत कळा. सुईण म्हणाली, या बाळाच्या कळा नव्हेत, मुतखडा असावा.
योगायोग.

६ सप्टेंबर
लस्मिनीच्या डाव्या हातातून ताटली पडली. उचलायला गेली, तर बोटं वळेनात. तिनं विचारलं, मटण कसलं होतं. सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. नुसती पोट धरून बसून राहिली.

सुईण म्हणते, बाळ फार हलत नाही.

७ सप्टेंबर
शहरातल्या डॉक्टरकडे न्यायला गाडी ठरवली. उचलून गाडीत ठेवलं की किंचाळते. गाडी परत गेली.

म्हाताऱ्याचे पाय धरले. मी! त्यानं लवंगी सिगारेट शांतपणे संपवली. मग म्हणाला, पहिल्याच दिवशी सरळ सांगितलं होतं, तेव्हा तू तोंड झाकून हसलास. मला कळलं नाही असं वाटलं का रे तुला? आता हसू येतंय का?

लस्मिनीच्या पाठीवरून बोकड घासून, कापून बघितला. आतून स्वच्छ, लोण्यासारखा. म्बाह म्हणाला, जे एकदा जनावरातून गेलं, ते पुन्हा जनावर घेत नाही. त्याला माणूस लागतो. एकाच चुलीवर जेवणारा, राजीखुशीनं तयार झालेला.

८ सप्टेंबर
थोतांड आहे. शंभरदा म्हणेन, थोतांड. म्हणूनच तर हो म्हटलं — चटईवर पडायचं, एवढंच ना? तिचं मन तरी शांत होईल. बाळ कालपासून —

८ सप्टेंबर, दुपार
झालं. वही मागून घेतली. पडूनच लिहितोय.

लस्मिनी उठून बसली. भात मागितला. डाव्या हातात वाटी धरलीय तिनं — घट्ट. बाळानं लाथ मारली म्हणून हसली. देवा, किती दिवसांनी —

माझा डावा हात जागचा हलत नाही. कुशीत सुरी फिरावी तसं होतंय. श्वास —

म्बाह म्हणतो, उठू नकोस. उठलास तर सगळं तिच्याकडे परत.

दाराला बाहेरून कडी घातली कुणीतरी. पाय चालतात अजून. उठता येईल मला. उठावं, तर तिचा हात, बाळ — न उठावं, तर

म्बाह लस्मिनीला विचारतोय, सुरा कुठे ठेवतो हा.
ती पोटावरून हात फिरवतेय. माझ्याकडे बघत नाही.

सांगतेय. चांगल्या खणखणीत आवाजात सांगतेय — चुलीमागे, कोनाड्यात, वरच्या