बाहुली मोठी झाली का?

ती. डोमाभाऊ यांना मुखरूचा दोन्ही हात जोडून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचं बीपी आणि तुमच्या नाटक मंडळाचा पडदा (ज्याला मागच्या मंडईच्या जत्रेत उंदरांनी खिडकी पाडली होती) ही तिन्ही ठीक असावीत. इकडे आम्ही आहोत. तुमच्या बहिणीचा आवाज तर फारच ठीक आहे.

अक्षर नातीचं, दिव्यानीचं आहे, शब्द माझे. असं का, ते सांगतो. तुमच्या बहिणीचं म्हणणं पडलं की मला दिसत नाही. (परवा दिवेलागणीला मी अंगणात शेजारच्या गोपालला "ये, बस" म्हणालो आणि तो दोरीवर वाळत घातलेला सदरा निघाला, एवढंच कारण.) म्हणून आज मंगळवारी सकाळच्या एसटीनं गडचिरोलीला, डोळ्यांच्या दवाखान्यात. तिथल्या नर्सबाईंनी, नीलिमा त्यांचं नाव, डोळ्यांत थेंब घातले आणि मिटून बसा म्हणाल्या. अर्ध्या तासात बाकावरचे सगळे आत जाऊन आले. माझ्यानंतर आलेले एक मास्तरही आले. माझ्या डोळ्यांत पुन्हा थेंब. मग आतून डॉक्टर ओरडले, "आबाजीची बाहुली मोठी झाली का?" माझ्या आधी तुमची बहीण उत्तरली, "झाली नं जी, औंदा बारावीले हाय!"

(दिव्यानीला घरात बाहुली म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहे, डॉक्टरांना नव्हतं.) सगळा बाक हसला. त्यांच्याही डोळ्यांत थेंब होते, त्यामुळे कोण कोणाला हसतंय ते कोणालाच दिसत नव्हतं. "डॉक्टरले आपली बाहुली कशी मालूम जी?" असं तुमची बहीण मला परतीच्या एसटीतही विचारत होती.

तिसऱ्यांदा थेंब घातल्यावर डॉक्टरांनी समजावलं. बुबुळाच्या मधला काळा ठिपका म्हणजे बाहुली. तरुणपणी ती अंधारात सताड उघडते. वय झालं की तिला उघडणारा स्नायू थकतो, मग ती बारीकच राहते, अंधार असो की औषध. "आबाजी, डोळ्याचा मागचा पडदा दिसूनच नाई राह्यला. पुढच्या मंगळवारी अजून लवकर या." गुडघे म्हातारे होतात हे ठाऊक होतं भाऊ, पण डोळ्यातला ठिपकाही होतो आणि औषधाचंही ऐकत नाही, हे ऐकून मला फार उदास वाटलं. पुन्हा तीच एसटी, तोच बाक, तेच थेंब. आता कंटाळा येतो.

आणि मार्कंड्याच्या फाट्यावर भर दुपारी उतरलो, तेव्हा महाराणीला जाग आली! दोन्ही बाहुल्या उघडल्या. सगळं जग पांढरं. बायकोचा पदर धरून घरी आलो. संध्याकाळ झाली तरी त्या मिटायला तयार नाहीत, म्हणून हे पत्र सांगून लिहवतो आहे. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
मुखरू

ता.क. : तुम्ही धाडलेली नव्या नाटकाची वही वाचली. काही खास नाही. दुसऱ्या अंकात बाप फारच रडतो. यंदाच्या मंडईलाही जुनंच नाटक घ्यावं, लोकांना तेच आवडतं. प्रॉम्प्टर मी आहेच.

ता.क. दुसरा, दिव्यानीचा : डोमाआबाजी, वरचं आबाजींनी सांगितलं तसंच लिहिलं. पण नवी वही त्यांनी उघडलेलीच नाही. त्यात बाप पहिल्याच अंकात मरतो. विंगेतल्या बारीक दिव्यात त्यांना तीन वर्षांपासून अक्षर दिसत नाही. जुनं नाटक पाठ आहे, त्यावर भागवतात. मागच्या वर्षी त्यांच्या मांडीवरची वही उलटी होती, मीच सरळ केली. प्रॉम्प्टिंग सुटलं तर ते जेवायचे नाहीत, म्हणून त्यांना काढू नका. आणि नाटक नवंच घ्या. मी रोज बारावीचा अभ्यास म्हणून त्याचाच पहिला प्रवेश मोठ्यानं वाचते, ते खाटेवर झोपल्याचं सोंग करतात. बाप मरतो तिथवर आम्ही अजून पोचलो नाही. काल वाचताना माझं एक वाक्य सुटलं. आबाजींनी डोळे न उघडता ते हळूच मला दिलं.