फक्त सातची बाटली

केंदूर, ता. शिरूर
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

प्रिय महेंद्रदादा,
सप्रेम जय भीम.

इकडे सगळे बरे आहेत. ह्यांची शिक्रापूरला दुसरी पाळी चालू आहे. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? तू फोनवर गोड बोलून वेळ मारून नेतोस, म्हणून पत्र लिहितेय. पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

माशांचं विचारत होतास. पडवीतल्या तिन्ही टाक्या रिकाम्या आहेत. एंजल माशांची चारशे पिल्लं एका सकाळी उताणी झाली, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. आदल्या रात्री मुक्कामाला होतास.

टाक्या मांडल्या तेव्हा तू मला मीटरला जोडायची पीएचची काचेची कांडी दिलीस, नव्या खोक्यात. पाणी किती आंबट झालंय ते ही सांगते म्हणालास. सातच्या बाटलीत, म्हणजे बरोबर सात पीएचच्या द्रावणात बुडवायची, मीटरचा आकडा सातवर आणायचा, धुवून ठेवायची, हे शिकवलंस. चारची बाटली का नाही, असं मी विचारलं, तर म्हणालास, "ती कंपनीवाल्यांना लागती, तुला न्हाई." दर रविवारी मी परीक्षेला बसल्यासारखी तेवढं करत आले.

गेल्या आठवड्यात शिरूरहून चारची बाटली आणली. त्यात कांडीने सहा पॉइंट तीन दाखवलं. वाटलं, आपलंच काही चुकलं. टोकाचा काचेचा फुगा धुतला, दिवसभर द्रावणात भिजत ठेवला, पुन्हा लावला. सहा पॉइंट चार. दादा, मेलेली कांडीसुद्धा सातच्या बाटलीत सातच दाखवते. तिच्यात जीव आहे की नाही, ते चारमध्येच कळतं. हे मला आता कळलं. तू तर कुरकुंभच्या लॅबमध्ये रोज तेच काम करतोस.

पिल्लांना साडेसहाचं पाणी हवं होतं. मी आम्लाचे थेंब टाकत होते आणि आकडा काही खाली येईना. तुला फोन केला. "बोअरचं पानी हट्टी असतंय, टाकत ऱ्हा," म्हणालास. मी टाकत राहिले. मीटरवर साडेसहा आलं, तोवर खरं पाणी पाचच्याही खाली गेलं असणार. माझ्याच हाताने मारली मी ती.

पण पत्र माशांसाठी लिहीत नाहीये.

त्या सकाळी मीटर साडेसहा दाखवत होता, म्हणजे पाण्यात खोट नाही. मग मी माणसात खोट शोधली. सासूबाईंनी पडवी फिनेलने पुसली होती. मी त्यांना नाही नाही ते बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, "म्या टाकीला हात लावला न्हाई गं, करुणा." आई गेल्यावर माझी दोन्ही बाळंतपणं ज्यांनी केली, त्यांना मी खोटारडी म्हणाले. तू समोर चहा पीत होतास. मी तुझ्याकडे पाहिलं. तू म्हणालास, "मीटर खोटं बोलत न्हाई."

दुपारच्या गाडीने त्या दौंडला नणंदेकडे, राजश्रीकडे गेल्या. महिना झाला, माझा फोन उचलत नाहीत.

परवा ह्यांचा मावसभाऊ सुमित आला होता, तुमच्याच लॅबमधला. त्याने कांडीच्या वायरीवरचा अर्धवट खरवडलेला नंबर वाचला आणि म्हणाला, ही तर कुरकुंभची बाद झालेली कांडी, बाद केल्याची सही महेंद्रचीच. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

बाद आहे म्हणून दिली असतीस तरी मी हसून घेतली असती. नवी म्हणालास, तेही एक वेळ गिळलं असतं. पण बाईमाणूस विनाकारण घराबाहेर पडताना तू पाहिलंस, एका शब्दाने थांबवू शकला असतास, आणि चहा संपवलास. माझा भाऊ असा आहे, हे मला माहीत नव्हतं. केसाने गळा कापलास दादा.

येत्या रविवारी मी दौंडला जातेय. माझी चूक मी त्यांच्या पायाशी बसून कबूल करीन. तुझी मी सांगणार नाही, ती तुझ्या तोंडून त्यांनी ऐकायची आहे. कुरकुंभहून दौंड काही लांब नाही. अकरा वाजता ये. आला नाहीस, तर पुन्हा केंदूरला येऊ नकोस, ह्यांनी बोलावलं तरी.

रविवारपर्यंत तुझी बहीण,
करुणा