दिवसा घरात कोण असतं

चिरंजीव,

मी वीज कंपनीच्या कार्यालयात जातोय. तू केलेला कंपनीबदल रद्द करायची मुदत आज संपते, आणि मीटर अजून माझ्या नावावर आहे.

फॉर्म पुढे सरकवून तू म्हणालास, "बाबा, सही करा, बिल निम्म्यावर येईल." पुस्तकातली तळटीपही न सोडणारा मी, तुझ्या शब्दावर न वाचता सही करून मोकळा झालो. काल तू माझ्या टेबलावरच्या दिव्याचा बल्ब काढून नेलास आणि सूनबाईसमोर म्हणालास, "दिवसाढवळ्या दिवा लागतोच कशाला यांना?" तेव्हा कुठे मी ते कागद काढून वाचले. नव्या कंपनीची वीज रात्री स्वस्त, दिवसा दुप्पट. दिवसा रिकाम्या असणाऱ्या घरांसाठीच ही योजना आहे. "दिवसा घरात कोण असतं?" या प्रश्नापुढे तुझ्या अक्षरात लिहिलंय, "कोणी नाही."

मागच्या खोलीत उजेड येत नाही, हे तुला ठाऊक आहे. तिथे दिवसभर कोण बसतं, हेही ठाऊक असावं.

कदाचित मीच उगाच मनाला लावून घेत असेन. काउंटरवर माझी बोबडी वळते, म्हणून काय बोलायचं ते लिहून घेतलंय. फोनवरही काम झालं असतं. पण मी घरात असतो, हे मला समोर उभं राहून सांगायचंय.

बल्ब होता तिथे लावून ठेव. निघताना कुलूप लावून दार दोनदा ओढून बघेन. आजच्या दिवसापुरतं तू लिहिलंस ते खरं आहे, घरात कोणी नाही.

बाबा